सतरा नंबरचा उपास

या अंकाच्या संपादकबाईंना मी आधी नाही म्हटलं होतं. त्यांचा पुन्हा फोन आला. "तू काम काय करतेस तेवढंच साधं लिही," म्हणाल्या. तेवढंच मी आजवर कुणाला साधं सांगितलेलं नाही. पेणला आमच्या आळीत कुणी विचारलं तर आई परस्पर सांगते, "फार्मा कंपनीत आहे." मला बघायला आलेल्या एका मुलाच्या आईने त्यावर विचारलं होतं, "म्हणजे गोळ्या बनवतेस?" मी म्हटलं, "नाही, ससे सांभाळते." त्या हसल्या. त्यांना ती गंमत वाटली आणि मी ती तशीच राहू दिली.

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची प्रयोगशाळा आहे. आम्ही औषधं बनवत नाही. दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली औषधं तपासून देतो. मी पाच वर्षं तिथल्या प्राणीगृहात होते, त्यातही सशांच्या खोलीत.

शिरेतून जे काही शरीरात जातं, सलाइन असो की इंजेक्शन, ते निर्जंतुक असून भागत नाही. जंतू मेले तरी त्यांचे अवशेष मागे राहतात. ते दिसत नाहीत, उकळून जात नाहीत आणि रक्तात गेले की माणसाला हुडहुडी भरून ताप चढतो. सशालाही अगदी तसाच चढतो. म्हणून प्रत्येक बॅचमधलं थोडं औषध तीन सशांच्या कानाच्या शिरेत द्यायचं आणि तीन तास, दर अर्ध्या तासाने, त्यांचा ताप बघायचा. तेवढा वेळ ससा एका चौकटीत बसलेला असतो. मान तेवढी अडकवलेली, बाकी अंग मोकळं. तिला इंग्रजी नाव आहे, पण आमच्याकडे सगळे खोडाच म्हणतात. ताप मोजायची बारीक तार सशाच्या गुदद्वारात सरकवलेली असते. एकाचाही ताप ठरलेल्या रेघेवर गेला तर आणखी पाच ससे बसवायचे. आठांमध्येही तेच दिसलं तर बॅच नापास.

यात एक अडचण आहे. ससा घाबरला तरी तापतो. दार आपटलं, कुणी शिंकलं, ट्रे पडला, तरी तार अर्ध्या अंशाची उडी दाखवते. मग तो ताप औषधाचा की भीतीचा, हे कसं ठरवणार? एकदा एका मोठ्या कंपनीचा माणूस आमची खोली बघायला आला. गाऊन, टोपी, मास्क सगळं नीट घातलेलं, पण आत शर्टाला अत्तर. तो पाच मिनिटं उभा राहिला, "व्हेरी पीसफुल" म्हणाला आणि गेला. त्याच्याच कंपनीची चाचणी त्या दिवशी आम्हाला रद्द करावी लागली. त्याला कारण कळवताना कुणाचीच जीभ उचलेना.

तेव्हा या खोलीला गप्प माणसं लागतात. माझी मुलाखत आमच्या पशुवैद्यकांनी, डॉ. मुकादमांनी घेतली. ते रोह्याचेच. भाऊ, चुलतभाऊ सगळे कुवेतला, हे एकटे जनावरांपायी मागे राहिलेले. मी प्रत्येक प्रश्नाला चार शब्दांत उत्तर देत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"तू फारशी बोलत नाहीस."

"गरज पडली तर बोलते, सर."

"इथे पडत नाही. सोमवारी ये."

शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा असायचा, हिने वर्गात बोलायला हवं. तो शेरा जिथे कामाला आला अशी ही पहिली जागा. माझी एक पद्धत होती. डावा तळवा सशाच्या डोळ्यांवर अलगद ठेवायचा, उजव्या हाताची दोन बोटं कानामागे, आणि आपला श्वास त्याच्या श्वासापेक्षा हळू करायचा. दीड-दोन मिनिटांत ससा जमिनीला सपाट होतो, मान पुढे करतो आणि कान सैल सोडतो. इतरांना यासाठी पाच-सात मिनिटं लागायची. नवीन ससे आले की आधी खोटी चाचणी करायची असते. खोडा, तार, सगळं खरं, फक्त औषध नाही, म्हणजे त्याला सवय होते. ते काम सर मलाच देत. दुसऱ्या पाळीतली मुलं म्हणायची, "हिच्या हाताखाली ससा स्वतःच कान पुढे करतो." मला ते आवडायचं. हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि मूळची, औषधाची चाचणी नुसती नावाची नव्हती. दुसऱ्या वर्षी एक बॅच आली. तासाभरात तिन्ही ससे थरथरायला लागले. खरा ताप चढताना सशाचे कान गार पडतात. माझ्या बोटांत तो कान फ्रिजमधून काढल्यासारखा लागत होता. पुढचे पाचही तसेच. ती बॅच कुठल्याही दवाखान्यात पोचली नाही. पण आमच्याकडे नियम होता, की ज्या सशाला असा ताप चढला तो पुन्हा वापरायचा नाही. त्याला बाहेर काढायचं. बाहेर म्हणजे कुठे, ते इथे मी वेगळं लिहीत नाही. त्या आठवड्यात आठ पिंजरे धुऊन उलटे ठेवलेले होते.

ते पिंजरे धुणाऱ्या सुमनताई. वय पंचेचाळीसच्या पुढे, घर जोह्याला. घरी गणपतीच्या मूर्तींचं काम, नवरा आणि दीर कारखान्यात रंगकाम करतात. ताई पहाटे एसटीने पेणला येत, तिथून आम्ही दोघी कंपनीच्या बसने वडखळवरून रोह्याला. पिंजऱ्यांचे ट्रे, खाणं, पाणी, झाडलोट हे त्यांचं काम. सात वर्षं कंत्राटावर झाली होती आणि मी सांगते आहे ते घडलं त्याच महिन्यात त्यांचं पर्मनंटचं पत्र निघणार होतं. बसमध्ये त्या बोलत, मी ऐकत असे. आमचं बरं चाललं होतं.

सशांना नावं ठेवायची नसतात. कानात नंबर गोंदलेला असतो, तोच वापरायचा. ताई सगळ्यांनाच बाबू म्हणायच्या, त्यामुळे नियम मोडल्यासारखंही होत नसे. पण त्यातला सतरा नंबर त्यांचा होता. त्यांनी ट्रे ओढला की तो पिंजऱ्याच्या जाळीला येऊन त्यांचा हातमोजा चाटायचा. सतरा माझाही आवडता होता, वेगळ्या कारणाने. तो खोड्यात सगळ्यांत शांत बसायचा. म्हणून त्याची पाळी इतरांपेक्षा जास्त वेळा लागायची. दोन चाचण्यांमध्ये विश्रांतीचे जेवढे दिवस हवेत तेवढे झाले की यादीत पुन्हा सतरा. ती यादी मी करायचे.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळपासून सशांना खायला द्यायचं नाही. पोट भरलेलं असलं तर तापाचा आकडा भरवशाचा राहत नाही. सकाळी आठ वाजता ट्रे ओढून बघायचा, खाल्ल्याची खूण नाही ना, आणि कागदावर सही करायची. सही माझी.

त्या दिवशी संकष्टी होती. हे मला बसमध्येच कळलं, कारण ताईंच्या पिशवीत दुर्वांच्या जुड्या होत्या. संकष्टीला त्या शेताच्या बांधावरून दुर्वा खुडून जुड्या बांधत आणि रोहा स्टँडजवळच्या फुलवालीला देत. मी विचारलं, "डब्यात काय आज?"

"डबा कसला? उपास. चंद्र दिसल्यावर जेवायचं."

दहा वाजता तिघांना औषध दिलं. चार, नऊ आणि सतरा. खोलीला खिडकी नाही. स्टीलचं टेबल, त्यावर तीन खोडे, भिंतीवर तापाचे आकडे दाखवणारं यंत्र आणि एसीचा एकसुरी आवाज. नियमाने दोन माणसं लागतात. त्या दिवशी दुसरी माणसं रजेवर होती, म्हणून ताई माझ्यासोबत होत्या. एक स्टूल माझं, एक त्यांचं.

साडेदहाला काही नाही. अकराला सतराचा आकडा थोडा वर. साडेअकराला आणखी वर. चार आणि नऊ जिथल्या तिथे. मी उठून सतराजवळ गेले. कान हातात घेतला. गार होता की माझीच बोटं गरम झाली होती, मला ठरवता येईना. मान वाकवून बघितलं तर हनुवटीखालच्या पांढऱ्या केसांत एक हिरवं पातं अडकलेलं होतं. मी ते चिमटीत काढलं. तीन पात्यांचा शेंडा.

मी वळून ताईंकडे बघितलं. त्या माझ्या चिमटीकडे बघत होत्या.

त्या खोलीत भांडायचं तर कुजबुजत भांडावं लागतं. आवाज जरा चढला की सहा कान आपल्याकडे वळतात. आमचं पुढचं सगळं बोलणं त्या सहा कानांकडे बघत झालं.

"कधी दिलंत?"

"सकाळी. ट्रे काढताना."

"किती?"

"एक जुडी. मोडलेली व्हती, देवाला चालत नाय."

"तिघांना?"

"नाय. यालाच. मागच्या बारीला पन हाच उपाशी, त्याच्या मागच्या बारीला पन हाच. बाकीच्यांची पाळी कवा येते गो? हाच सापडतो तुमाला."

"ताई, उपाशी ठेवायचं असतं. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय." त्यांनी स्टूल पुढे ओढलं नाही, नुसत्या पुढे वाकल्या. "माझा पन उपास हाय आज. मी माझा धरलाय. त्याचा कोनी धरला? त्याला इचारलं व्हतं?"

आमच्याकडे या विषयावर वर्षातून दोनदा प्रशिक्षण होतं. प्राणी कमीत कमी वापरा, वेदना कमीत कमी द्या, पर्याय असेल तर शोधा. त्याच्या स्लाइड मीच इंग्रजीतून मराठीत केल्या होत्या. हा प्रश्न त्यांतल्या एकाही स्लाइडवर नव्हता.

"आमच्यात जनावराच्या आधी मानूस जेवत नाय," त्या म्हणाल्या. "आनि उपाशी जनावराला सुई तर नायच टोचत."

शेवटच्या शब्दाला नऊ नंबरचे कान ताठ झाले. आम्ही दोघी थांबलो. एसी चालू होता. ते कान पुन्हा खाली यायला पंधरा मिनिटं गेली.

मग त्यांनीच विचारलं, "आता काय?"

"सरांना सांगावं लागेल."

"एक वाजता सांग. तोवर उतरला ताप तर सांगायची गरजच नाय. पत्र यायचंय गो माझं."

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. एक वाजता चाचणी संपणार होती. आकडा रेघेखाली राहिला तर कागद सरळ होता. पण ज्या सशाचा आकडा भरवशाचा नाही, त्याच्या भरवशावर बॅच सुटली असती आणि कुणाच्या तरी शिरेत गेली असती. रेघेवर गेला तर पुढचे पाच ससे लागले असते आणि सतरा बाहेर. आणि तेव्हा गवताची गोष्ट काढून उपयोग नव्हता. नापास व्हायला लागल्यावर प्रयोगशाळेला गवत सापडलं, यावर कुणीही विश्वास ठेवला नसता. सांगायचं तर आकडा रेघेखाली असतानाच सांगायला हवं होतं. मी हे सगळं त्यांना कुजबुजत सांगितलं. जेवढं बोलले तेवढं एका दमात त्याआधी बोलल्याचं मला आठवत नाही.

"बाहेर म्हंजे..." त्या म्हणाल्या आणि पुढचं बोलल्या नाहीत.

"हो."

"आनि हा ताप गवताचा नसलाच तर? औषधाचा असला तर?"

"तेच कळायला मार्ग नाही आता."

त्या हातांकडे बघत बसल्या. त्या काय आठवत होत्या ते मला कळलं, कारण ते त्यांनीच मला बसमध्ये सांगितलं होतं. दुसऱ्या बाळंतपणाला त्यांना सलाइन लावलं आणि अर्ध्या तासात अशी थंडी भरली, की लोखंडी खाट फरशीवर खडखडत सरकायला लागली. दवाखान्यातल्या दोन आयांनी खाट धरून ठेवली होती. पुढे काय तपासलं, कुणी सांगितलं नाही. त्या जगल्या, बाळही जगलं.

"खाट," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

बारा वाजले. यंत्राने नवा आकडा दाखवला. रेघेच्या इतका जवळ, की लांबून बघणाऱ्याला तो रेघेवरच वाटला असता.

आता मी जे लिहिणार आहे ते तेव्हा मला स्पष्ट दिसत नव्हतं. ताईंच्या नोकरीसाठी मी थांबले आहे, असं मी स्वतःला सांगत होते. पण आठ वाजताच्या कागदावर ट्रे तपासल्याची माझी सही होती आणि ट्रे मी ओढलाच नव्हता. ताई सगळं नीट करतात म्हणून कित्येक महिने ओढत नव्हते. तो ओढला असता तर जाळीखाली पडलेली चार पाती मला सकाळी आठलाच दिसली असती. सतराच्या जागी दुसरा ससा बसला असता आणि कुणाचंच काही गेलं नसतं.

बारा वाजून सहा मिनिटांनी मी उठले. फोन बाहेरच्या छोट्या खोलीत असतो, मध्ये काचेचं दार. मी ते इतकं हळू उघडलं, की माझा मलाच राग आला. सरांचा नंबर लावला.

"हॅलो?"

मी काचेतून सतराकडे बघत राहिले.

"हॅलो, कोण?" मग थोड्या वेळाने, "ऋतुजा, तूच ना? दुसरं कुणी फोन करून इतका वेळ गप्प राहत नाही."

"सर, चाचणी थांबवावी लागेल. सतराने सकाळी खाल्लंय."

"कुणी दिलं?"

"आठ वाजता मी ट्रे ओढला नव्हता, सर. सही केली, पण ट्रे बघितला नव्हता."

"बेटा, मी ते विचारलं नाही."

काचेचं दार सरकलं. ताई बाहेर आल्या, हातमोजा काढला आणि माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"सर, मी दिल्या. दुर्वा. एक जुडी."

त्यांनी रिसीव्हर परत माझ्या हातात दिला. मग सर माझ्याशी बोलले. "आत्ता आकडा किती?"

मी सांगितला.

"खाली आहे रेघेच्या?"

"आहे. थोडासा."

"मग आत्ताची वेळ लिही. मिनिटासकट. वर जाण्याआधी थांबवली हे दिसलं पाहिजे. आणि तिघांना सोडा."

तारा काढल्या, खोडे उघडले. साडेबाराचा आकडा घेतला गेलाच नाही. तो रेघेवर गेला असता का, हे मला अजून माहीत नाही. पिंजऱ्यात सोडल्यावर सतरा एका कोपऱ्यात बसला आणि पाय चाटायला लागला. ताईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या सरळ ट्रे धुवायला गेल्या.

चार दिवसांनी दुसरे तीन ससे बसवले. आकडे सपाट आले. औषध चांगलं होतं. बॅच गेली. सतराला ताप चढलाच नाही, अशी नोंद झाली, त्यामुळे त्याला बाहेर काढायचा प्रश्न उरला नाही. म्हणजे मी त्याला वाचवलं ते विश्रांतीचे दिवस संपल्यावर पुन्हा यादीत घालण्यासाठी. पुढच्या वेळी यादी करताना मी त्याचा नंबर लिहिला, खोडला, आणि सरांनी "का?" विचारल्यावर पुन्हा लिहिला.

पण माझी खरी चूक ट्रेची नव्हती. ती नंतर झाली.

चौकशी झाली. दर्जा तपासणाऱ्या विभागाच्या मॅडम, सर, ताई आणि मी. मॅडमना मराठी बोललेलं कळायचं, पण जबाब इंग्रजीत हवा होता. सर म्हणाले, "ऋतुजाचं इंग्रजी चांगलं आहे, ती लिहील." ताईंना विचारलं, का दिलंत. त्या म्हणाल्या, "उपाशी जनावराला सुई टोचू नये म्हनून दिली. नियम माहीत व्हता." मॅडमचा फोन वाजत होता, त्यांचं अर्धं लक्ष तिकडे. मी पेन हातात धरून विचार केला. नियम माहीत असून मोडला, हे कागदावर गेलं तर ताईंना काढून टाकतील. म्हणून मी इंग्रजीत लिहिलं, की नियमाची पुरेशी माहिती नसल्यामुळे, अजाणतेपणी खाऊ घातलं. मला वाटलं मी त्यांना वाचवते आहे. त्यांनी वाचता येत नसलेल्या कागदावर माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

त्यांना काढलं नाही. ज्या बाईला इतक्या वर्षांत साधा नियम कळला नाही, तिला प्राणीगृहात ठेवता येणार नाही, असा शेरा पडला. बाटल्या धुण्याच्या विभागात बदली झाली आणि पर्मनंटचं पत्र थांबलं. मला एक ताकीद मिळाली, तीही गुळगुळीत शब्दांची.

दोन आठवड्यांनी बसमध्ये त्या माझ्या शेजारी न बसता पुढच्या सीटवर बसल्या. वडखळला बस थांबली तेव्हा मागे वळल्या.

"बाटल्यांकडच्या पोराने कागद वाचून दाखवला. मी अडानी म्हनून दिली, असं लिहिलंस?"

"ताई, मला वाटलं..."

"मला इचारायचं व्हतंस." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी काय बोल्ले ते मला माहीत व्हतं. त्याला तोंड नाय, मला हाय ना?"

त्यानंतर वर्षभर त्या पुढे बसायच्या आणि मी मागे. कधी विचारलं तर उत्तर द्यायच्या, "बरी हाय." तेवढंच.

या वर्षी आमची सशांची खोली बंद झाली. आता तीच तपासणी माणसाच्या रक्तातल्या पेशींवर, छोट्या प्लेटमध्ये होते. कान नाही, खोडा नाही, आवाज केला तरी चालतो. मी ती शिकले आहे. पहिल्या दिवशी नवीन खोलीत कुणीतरी मोठ्याने हसलं तेव्हा मी दचकून मागे बघितलं होतं.

उरलेल्या सशांचं काय करायचं हे नीती समितीने ठरवलं. धडधाकट असतील ते घरी सांभाळायला द्यावेत, रीतसर अर्ज घेऊन. अर्ज फार आले नाहीत. सगळ्यांना घरं मिळाली नाहीत. बाकीच्यांचं काय झालं ते मला माहीत आहे, कारण त्यांच्या डोळ्यांवर तळवा माझाच होता.

ताई अर्जाचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. वर्षभरानंतर पहिल्यांदा. "सतरासाठी," म्हणाल्या, "भर." नाव, पत्ता, घरात कुत्रं-मांजर आहे का, सगळं भरलं. शेवटचा रकाना होता, प्राणी कशासाठी हवा.

"काय लिहू?"

"इचारतेस, बरं झालं." मग विचार करून म्हणाल्या, "त्याला पोटभर जेवायला घालायचंय. लिही."

मी तसंच लिहिलं आणि मराठीतून वाचून दाखवलं. मग त्यांनी सही केली.

गेल्या महिन्यात मी जोह्याला गेले. बोलावलं नव्हतं, पण दारात बघून ताईंनी "ये" म्हटलं. कारखान्याच्या मागे पत्र्याची शेड, पुढे छोटं अंगण, त्याला जुन्या जाळीचं कुंपण. रंग न दिलेल्या मूर्ती ओळीने वाळत होत्या आणि त्यांच्या मधून सतरा फिरत होता. मी त्याला चालताना पहिल्यांदाच बघितलं. पिंजऱ्यात चालायला जागा नसते. तो मध्येच उगाच उडी मारत होता, वळून उलटा पळत होता. ताईंनी दुर्वांची जुडी पुढे केली तर तो दोन पायांवर उभा राहिला आणि ओढून घेतली. ताईंचे दीर रंगाचा ब्रश धूत म्हणाले, "देवाच्या आधी हाच खातो. हिला चालतं."

"तू दे," ताई मला म्हणाल्या आणि जुडी माझ्या हातात दिली.

मी उकिडवी बसले. हात पुढे केला. सतरा दोन उड्या मारत आला, माझा हात हुंगला आणि थांबला. मग तो खोड्यात बसायचा तसा खाली बसला. पोट जमिनीला टेकलं, मान पुढे केली, दोन्ही कान सैल सोडले. तोंडाशी दुर्वा होत्या, त्यांच्याकडे त्याने बघितलंही नाही.

"बघ," ताईंचे दीर म्हणाले, "हिच्या हाताला कसा गप बसतो. आमच्याकडे नाचत असतो नुसता."

ताई माझ्याकडे बघत होत्या.

मी जुडी जमिनीवर ठेवली, हात मागे घेतला आणि उठून कुंपणापर्यंत गेले. तिथून सवयीने घड्याळ बघितलं. सतरा तसाच सपाट पडून होता, कान माझ्या बाजूला. तो हलला तेव्हा चार मिनिटं झाली होती. मग त्याने खायला सुरुवात केली.